हुद्दे नकोत, काम दाखवा

एका शाळेनं आपल्या कार्यक्रमाबद्दल दिलेला खुलासा वाचून माझा राग कमी झाला नाही, वाढला. तिसरी-चौथीच्या मुलांना 'व्यवसायांची ओळख' करून द्यायची म्हणून पालकांमधून स्वयंसेवक मागायचे, घंटागाडीवर काम करणाऱ्या वडिलांनी हौसेनं दिलेलं नाव मुकाट गाळायचं आणि व्यासपीठावर बसवायचे डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि कंपनीचे व्यवस्थापक. तिघांच्या खांद्यावर शाली. शालींबद्दल या स्तंभात मी पुन्हा पुन्हा लिहितो. त्या थांबेपर्यंत लिहीन.

सुरक्षितता, वेळापत्रक, वरिष्ठांची परवानगी ही कारणं सोडून देऊ. डॉक्टरांच्या वेळी ती कुणाला आठवली नाहीत. खरं कारण खुलाशात शेवटी आलं आहे: मुलांना प्रेरणा मिळावी.

कसली प्रेरणा? मेहनत करा, मोबाइल कमी पाहा, आईवडिलांचं नाव काढा, एवढंच मुलांनी ऐकलं. हे त्यांना घरी आजी रोज सांगते. डॉक्टर पोट दाबून नेमकं काय शोधतात, पोलीस पंचनामा कसा लिहितात, व्यवस्थापक सकाळी कचेरीत शिरल्यावर पहिलं काम कोणतं करतात, यातलं काही कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारूही दिलं नाही. प्रेरणा हुद्द्यातून मिळत असती, तर चौकातले अभिनंदनाचे फलक वाचून निम्मं गाव जिल्हाधिकारी झालं असतं. आणि ज्या मुलाच्या वडिलांचं नाव गाळलं, तोही त्याच सभागृहात सतरंजीवर बसला होता. त्याला कोणती प्रेरणा मिळाली? आपल्या घरचं काम शाळेत सांगायचं नसतं, एवढं तो शिकला. त्याच्या शेजारी बसलेला डॉक्टरांचा मुलगाही तेच शिकला, आणि ते जास्त वाईट झालं.

एवढ्या लहान वयात मुलांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या 'एज्युकेशन अँड एम्प्लॉयर्स' या संस्थेच्या उपक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांना अग्निशमन जवान, शल्यविशारद आणि लढाऊ वैमानिक यांची चित्रं काढायला सांगितली. ६६ चित्रांपैकी ६१ पुरुषांची निघाली. मग ही तिन्ही कामं करणाऱ्या तीन स्त्रिया कामाच्या कपड्यांत वर्गात आल्या, आणि मुलं बघतच राहिली. त्याच संस्थेच्या २०१८ च्या अहवालासाठी सात ते अकरा वर्षांच्या सुमारे २०,००० मुलांनी चित्रं काढली. आवडतं काम शाळेत आलेल्या पाहुण्यांमुळे कळलं, असं सांगणारी मुलं त्यात एक टक्कासुद्धा नव्हती. बाकीच्या बहुतेकांना ते घरातून, ओळखीच्या माणसांकडून, टीव्हीवरून कळलं होतं. म्हणजे शाळेनं काही दाखवलं नाही, तरी कुठलं काम कुणाचं हे मूल ठरवून मोकळं झालेलं असतं.

तिथल्या प्राथमिक शाळांमधली एक पद्धत मला फार आवडते. स्वयंसेवक साध्या कपड्यांत येतात. हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल, असे प्रश्न विचारून मुलं त्यांचं काम ओळखतात. मग ती माणसं कामाच्या कपड्यांत पुन्हा समोर येतात. आपल्याकडे एसटीच्या वाहक बाई, लाइनमन, आशाताई, वेल्डर, घंटागाडीवाला आणि शल्यविशारद एका रांगेत उभे करून बघा. रात्री काम करता का? उंचावर चढावं लागतं का? हातमोजे घालता का? या प्रश्नाला तर शल्यविशारद, लाइनमन आणि घंटागाडीवाला, तिघेही 'हो' म्हणतील. त्या एका उत्तरातून मुलांना जे समजेल, ते कुठल्याही भाषणातून समजायचं नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सुतार, माळी, कुंभार यांच्याबरोबर काम शिकण्याचे दहा दप्तराविना दिवस आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. तोवर चित्र पक्कं झालेलं असतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेबद्दलच मागणी केली होती: नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणार नाहीत, असे शिक्षक हवेत.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. कष्टाची कामं दाखवून कष्टकऱ्यांच्या मुलांना त्याच कामांत अडकवणार का? ही भीती पोकळ नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ही जातीची कामं जातीतच ठेवण्याची व्यवस्था आहे, म्हणून लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. ते योग्यच झालं. म्हणून सगळी कामं सगळ्या मुलांना दाखवायची, ज्याच्या घरचं काम त्यालाच, असं तर मुळीच नाही. बंगल्यातल्या मुलाला ओला, सुका आणि काचेचा कचरा वेगळा करताना हात कसा कापतो ते समजू दे. घंटागाडीवाल्याच्या मुलीला स्टेथोस्कोप कानाला लावून मैत्रिणीच्या छातीचे ठोके ऐकू देत.

राहिला प्रश्न स्वयंसेवकांचा. अधिकारी शाळेत येतात तेव्हा त्यांचा पगार चालू असतो. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो, आणि तरीही त्या वडिलांनी नाव दिलं होतं. पुढच्या वेळी अशा प्रत्येकाला बुडालेला रोज हातात द्या. त्यासाठी वेगळा निधी शोधायची गरज नाही. तीन शालींची पावती शाळेकडे असेलच, तेवढ्या पैशांत एकाचा दिवस सहज भरून निघतो.