कामाला आलेला पाहुणा

अमेरिकेत दर उन्हाळ्यात मुलांची निवासी शिबिरं भरतात. ती चालवायला जगभरातून विशीतली पोरं-पोरी येतात. त्यासाठीचा जे-१ व्हिसा जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो. दिवसभर मुलांना पोहायला, खेळायला शिकवायचं आणि रात्री त्यांच्याच जवळपास झोपायचं, असं हे काम. बऱ्याच ठिकाणी या तरुणांच्या देशाचा झेंडा लागतो, एका रात्री त्यांच्याकडचं जेवण आणि नाच होतो. तेवढ्यावर त्यांची संस्कृती कळली असं मानणं मला धोक्याचं वाटतं. माणसाची जडणघडण सणापेक्षा कामात जास्त दिसते.

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडच्या हळद पिकवणाऱ्या घरातली एक मुलगी अशा शिबिरात गेली. शिबिरप्रमुख तिच्या वडिलांच्या वयाचा, पण सगळे त्याला नुसत्या नावाने हाक मारतात. तिच्या तोंडून ते नाव निघत नाही. म्हणून ती हाकच मारत नाही. काम असलं की जवळ जाऊन उभी राहते. रोजच्या बैठकीत थोरामोठ्यांच्या आधी बोलायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. प्रमुखाचं मत होतं, 'ही पुढाकार घेत नाही.' याच मुलीने घरी हळद काढायला आलेल्या बायांची हजेरी ठेवलेली असते, शिजवणीपासून वाळवणीपर्यंत लक्ष दिलेलं असतं, धाकट्या भावंडांना सांभाळलेलं असतं. मुलं सांभाळण्याच्या कामात याहून मोठी शिदोरी कोणती? पण ती कुणी विचारली तरच बाहेर येते.

असं परक्या मुलखात जाऊन राबणं नवं नाही. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी 1920 मध्ये फ्रान्समधल्या व्हेर्दँजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेलं एस्न हे गाव उभारायला पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. त्यात जर्मन तरुणही होते. कालच्या शत्रूची माणसं आपल्या मातीत राबताना पाहणं तिथल्या लोकांना जड गेलं आणि शिबिर आटोपतं घ्यावं लागलं. हेतू चांगला असला तरी यजमानाच्या मनातली जखम ओळखावी लागते, हा त्यातला धडा. सेरेसोल पुढे 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राबले. त्यांनी उभारलेल्या श्रमसेवा संघटनेचे परदेशी स्वयंसेवक पन्नाशीच्या दशकात बाबा आमटे यांच्या, कुष्ठरोग्यांसाठीच्या आनंदवनातही आले. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक भीत होते, त्या काळात परक्या देशातली पोरं त्यांच्यासोबत भिंती रचत होती.

परक्याला आपलंसं करण्याचा हा विषय हिंगोलीला दूरचा नाही. नर्सी हे नामदेवांचं गाव मानलं जातं. परंपरा सांगते की औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले आणि पुढे ते पंजाबात घुमानला राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. परक्या मुलखाने त्यांना आपलं म्हटलं, याची साक्ष त्याहून मोठी नाही. आता त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा होऊ घातली आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथे उद्या देशोदेशीचे तरुण येतील. तेव्हा यजमान आपण असू.

त्यांतला एखादा तरुण आजोबांना सरळ 'हे असं का?' विचारेल, आणि आपल्याला तो उर्मट वाटेल. पोट भरल्यावर 'नको' म्हणेल, आणि वाढणारी माउली हिरमुसेल. अशा वेळी त्याच्या देशाबद्दल चार गोष्टी पाठ असून भागत नाही. घरी कोणतं काम करायचास, चूक झाली तर तुमच्याकडे कोण आणि कसं सांगतं, आजारी पडलास तर कुणाला सांगशील, हे त्यालाच विचारावं. आणि आपल्याकडच्या न बोलता पाळल्या जाणाऱ्या रीती त्याला आधी सांगाव्यात. घरातल्यांना त्या ठाऊक असतात; नव्याने आलेल्याला त्या फक्त मोडल्यावर कळतात. घरापासून लांब आलेल्या विशीतल्या पोराला परीक्षेला बसवण्याआधी अभ्यासक्रम दाखवणं, ही यजमानाची पहिली जबाबदारी आहे.