ब्रेकची उधारी

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारायचं असलं, की 'घाटावरचा का घाटाखालचा?' असं विचारतात. बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलडाण्याहून मलकापूरला जायचं तर राजूरचा घाट उतरावा लागतो आणि खामगावला जायचं तर ज्ञानगंगेच्या जंगलातला बोथ्याचा. त्यामुळं मोटारसायकल पळते किती, यापेक्षा उतारावर थांबते कशी, हे आमच्याकडं आधी बघायला पाहिजे. बघतात मात्र सगळे ॲव्हरेजच.

मी घाटाखालचा. कॉलेजसाठी बुलडाण्याला राहत होतो. मलकापूर रोडला, घाट लागायच्या आधी, एक मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार टिनांचा आडोसा, निंबाचं झाड आणि फळीवर ओळीनं टांगलेले पाने. दुकानदाराला सगळे मिस्त्रीच म्हणत. वडिलांची जुनी राजदूत तिथंच दुरुस्त व्हायची, म्हणून माझी बैठक पडली ती पडलीच. हात काळे करता करता एक प्रश्न तिथं डोक्यात बसला. एकाला यंत्रातलं काहीच कळत नाही आणि दुसऱ्याला सगळं कळतं, अशा दोघांचा व्यवहार सरळ कसा राहायचा?

राजदूत टू-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागे आणि इंजिनाला वंगण मिळायचं ते त्या मिश्रणातूनच. लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली, की पेट्रोल कमी जाई आणि त्याच्यासोबत वंगणही. म्हणून जुने लोक घाट उतरताना मधूनमधून हलकीशी रेस देत. म्हणजे गाडी ठेवायची तर तिच्या पोटात काय चाललंय, हे थोडं तरी माहीत असावं लागे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, ऑईल वेगळं, ॲव्हरेज भरपूर. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. मिस्त्री म्हणत, "लोकाईनं त्यातलं विसरनं तेवढं ध्यानात ठेवलं." ऑईल डांबरासारखं झालं, फिल्टर धुळीनं बुजला, चेन लोंबायला लागली, तरी ही गाडी चालते. चालते म्हणून ठीकच असेल, असं मालकाला वाटतं.

एकदा एक मास्तर स्प्लेंडर घेऊन आले. गाडी निळा धूर सोडत होती. दुसऱ्या एका दुकानात त्यांना बोअर-पिस्टनचं काम सांगितलं होतं. मिस्त्रींनी पान्याला हात न लावता विचारलं, "धूर कव्हा येते सर? घाट चढताना बी येते का?"

"चढताना नाही. उतरून आलो आणि रेस दिली, की एकदम भपकन येतो. सकाळी चालू करतानाही येतो. मग जातो."

"मंग वॉल्व्हचे सील गेले असन. रिंग गेली असती त चढावर, ओझ्यानं, सारखा धूर टाकला असता."

दुसऱ्या दिवशी हेड खोललं. सील वाळून कडक झाले होते, बोअर चांगला होता. काम थोडक्यात झालं. जुने दोन सील मिस्त्रींनी कागदात बांधून मास्तरांच्या हातात दिले. बदललेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचाच, हा त्यांचा नेम होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "झाकन लावल्यावर आत काय हाये ते मले आन् देवालेच ठाऊक. म्हून निदान जुनं तरी त्याले दाखवाव."

मी त्यावर बराच विचार केला. जुना पार्ट हातात देणं हा काही पुरावा नाही. फसवणारा माणूस दुसऱ्याच गाडीचा भंगार पार्टही हातात ठेवू शकतो. मग मिस्त्री ते का करत होते? मला वाटतं, समोरच्याला कळो न कळो, त्याला दाखवायला हवं, एवढंच त्यात होतं. त्याच्या अडाणीपणावर आपण पोट भरायचं नाही, याची ती स्वतःलाच आठवण होती.

दुसरी गोष्ट गाडीत बदल करण्याची. एका दूधवाल्यानं कॅन टांगायला लोखंडी कॅरियर करून मागितला. मिस्त्रींनी अर्धा दिवस त्यात घातला. कॅन होता होईल तो खाली आणि चाकाजवळ, दोन्ही बाजूंना वजन सारखं, मागचे शॉकअप कडक, मागच्या टायरात ओझ्याच्या मानानं जास्त हवा. वजन वर आणि मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल ऐकत नाही, हेही त्याला बसवून समजावलं.

त्याच आठवड्यात एक पोरगा आला. त्याला सायलेन्सरमधली जाळी काढून हवी होती आणि साडीगार्ड कापून. साडीगार्डमुळं गाडी म्हातारी दिसते म्हणे. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करायला कायद्याच्या कलम 52 चीही आडकाठी आहे. मिस्त्रींना कलमबिलम ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "गाडी तुही हाये बाप्पा, मान्य. पन मागं बसनारी माय बी तुहीच हाये ना? पदर तिचा जाईन चाकात, तुहा नाई."

पोरगा हसला आणि गेला. चार दिवसांनी साडीगार्ड नसलेली गाडी फाडफाड आवाज करत दुकानापुढून गेली. काम दुसरीकडं झालं होतं, पैसेही दुसऱ्याला मिळाले होते. मी म्हटलं, "काय उपयोग झाला तुमच्या नाही म्हणण्याचा?" ते काही बोलले नाहीत. मला मात्र दूधवाला आणि पोरगा यांच्यातला फरक तेव्हा कळला. बदल दोघांनीही मागितला होता. दूधवाल्याच्या बदलातला धोका त्याच्या स्वतःच्या अंगावर होता आणि तो कमी करता येत होता. पोराच्या बदलातली हौस त्याची होती आणि धोका त्याच्या मायचा, आवाज साऱ्या गावाचा. आपल्या वस्तूवर आपला हक्क कुठवर, याचं एवढं सरळ उत्तर मला नंतर कुठं सापडलं नाही.

तिसरी गोष्ट अवघड आहे. सोयाबीन कापणीला यायच्या आधीचे दिवस होते. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो ते हे दिवस. घाटाखालचा एक जण आला. क्लच प्लेट घसरत होती, सेल्फ बंद, सीट फाटलेली आणि मागचा ब्रेक लागत नव्हता. ड्रमच्या बाहेरच्या बाजूला एक लहान बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेला जाऊन भिडला, की आतले लायनर संपले असं समजावं. बाण खुणेच्याही पुढं गेला होता.

"नट आवळून द्या मिस्त्री, पंधरा दिवस निघतीन."

नट आवळला की पायाला ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण आतलं अस्तर काही वाढत नाही. त्यात पेट्रोल वाचवायला लोक घाटात गाडी न्यूट्रल करून सोडतात. मग इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि ऐन वळणावर ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते. मिस्त्रींनी नट आवळला नाही. नवे लायनर टाकले आणि उधारीच्या वहीत लिहिले. बाकीच्या कामांना हात लावला नाही. म्हणाले, "क्लच घसरला त तू चढावर उतरून ढकलशीन. चालवनारं काम मागं ठेवता येते, थांबवनारं नाई."

हे वाक्य मला पटलं होतं. पण त्या वहीची दुसरी बाजू मिस्त्रींच्या घरात होती. पाऊस दगा देई त्या वर्षी वहीतली कितीतरी नावं तशीच राहत. स्पेअर पार्टवाला मात्र महिन्याच्या महिन्याला दारात. एकदा डबा घेऊन आलेल्या काकू वही बघून म्हणाल्या, "ब्रेक त्याईचे नवे होतेत आन् घर आमचं घासून रायलं."

मिस्त्री खाली बघून चेन धूत राहिले. मीही गप्प बसलो, कारण काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. मिस्त्रींनी दाखवलेल्या चांगुलपणाची किंमत काकू आणि लेकरं भरत होती, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मग काय, नट आवळून देऊन त्या माणसाला घाटात सोडायचं होतं? तेही नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की कोणीतरी चुकलं असं म्हणून सुटता येत नाही. मला एवढंच दिसतं, की गिऱ्हाईक आपली बाजू सांभाळत नाही, तेव्हा ती मिस्त्रीच्या घरावर येऊन पडते.

गिऱ्हाईकाची बाजू फार मोठी नाही. आठवड्यातून एकदा गाडी डबल स्टँडवर लावून चेन बोटानं वरखाली करावी. दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, जास्त लोंबली तर ओढून घ्यावी. सपाट जागेवर ऑईलची काडी बघावी. टायर थंड असताना हवा तपासावी. टपेटचा टकटक आवाज आला तर गाडी थंड असताना दुकानात न्यावी, कारण तापलेल्या इंजिनात त्याचं माप बरोबर येत नाही. घाट गियरमध्येच उतरावा. याला शिक्षण लागत नाही, दहा मिनिटं लागतात. आपल्याला जेवढं कळतं, तेवढं दुसऱ्याच्या इमानावर टाकलेलं ओझं कमी होतं.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, दुकानांत स्कॅनर आले. धूर बघून, आवाज ऐकून आजार ओळखायचे दिवस सरत चालले. आतलं आणखी झाकलं गेलं, म्हणजे कळणारा आणि न कळणारा यांच्यातलं अंतर वाढलंच. पण ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर तो लहानसा बाण अजून बाहेरच आहे, कोणालाही दिसेल असा. घाट लागायच्या आधी तो बघून घ्यावा. आणि अडीच्या दिवसात कोणी आपल्या गाडीला उधारीवर लायनर टाकून दिले असतील, तर सोयाबीन विकलं की दुसरी कुठली देणी फेडायच्या आधी ते पैसे नेऊन द्यावेत.