मुंडावळ्या बांधलेला मोर्चा

डिसेंबर 2022 मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर अविवाहित तरुणांचा मोर्चा गेला. नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजंत्री लावून. लग्न जमत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं. अनेकांना त्यात नुसती गंमत दिसली. मला तो फार धाडसाचा वाटला. ‘मला कोणी पसंत करत नाही’ हे बाप्या माणसाने चारचौघांत कबूल करणं सोपं नाही. नापिकी गिळायची, कर्ज गिळायचं, नकारही गिळायचा. पारावर विषय निघाला की ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत उठायचं. मित्रांच्या वरातीत बेभान नाचलेला मुलगा पुढे लग्नांना जाणंच सोडतो, आणि का, ते घरात कुणी विचारत नाही.

आज स्थळ बघताना शेती हवी असते, पण शेतात राबणारा नवरा नको असतो. पक्की नोकरी हवी, शहरात स्वतःचं घर हवं. मुलींना मी दोष देणार नाही. आईचे कष्ट बघत वाढलेल्या मुलीला तसं आयुष्य नाकारायचा पूर्ण हक्क आहे. पण पाऊस आणि कांद्याचा भाव ज्याच्या हातात नाही, तो मुलगा पडलेल्या भावाची शरमसुद्धा स्वतःच्या पुरुषपणावर घेतो. माल मातीमोल गेला की त्याला वाटतं, मीच कमी पडलो. मला सर्वांत जास्त सलतं ते हे. 2022 साली देशात आत्महत्या केलेल्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते. प्रत्येकाचं कारण निराळं असेल, पण यातल्या कितीजणांनी आपलं दुःख कुणाजवळ बोलून दाखवलं असेल?

शिवाय लग्न न जमण्याचं हे संकट आपणच पेरलेलं आहे. वंशाला दिवा हवा म्हणून मुली जन्माआधीच खुडल्या गेल्या. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. त्या शेवटच्या गणतीतले मुलगे आता मिसरूड फुटून विशीकडे निघाले आहेत. त्यांचे काका-मामा अजून बिनलग्नाचे आहेत, आणि ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे या मुलग्यांनाही कधीच ऐकवून झालं आहे.