हन्नेचे ओठ आणि एलीचा प्रश्न
शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१-२०



हन्नेची गोष्ट आपण शब्बाथशाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. मातृदिनी किंवा बाळाच्या समर्पणाच्या वेळी ती हमखास वाचली जाते. बाई मूल मागते, देव मूल देतो, ती ते मूल देवाला परत देते. या घाईत गोष्टीचा पहिला अर्धा भाग आपल्या हातून निसटतो. त्या भागात एक नवरा व एक बायको आहेत. घरात अन्न आहे, नवऱ्याचे प्रेम आहे, आणि तरीही बायको वर्षानुवर्षे रडते व जेवत नाही. तिला आजारी म्हणावे की नाही याचा निवाडा मी करीत नाही. पण आज कोणी असे सतत रडत असेल व ज्याला अन्न जात नसेल, त्याला कोणताही शहाणा डॉक्टर आधी झोपेविषयी आणि मनाविषयी विचारील.

एलकाना वाईट माणूस नव्हता. यज्ञाच्या मांसाचा दुप्पट वाटा तो तिला देत असे. परंतु तिचे रडणे पाहून त्याने जे विचारले ते आठव्या वचनात आहे : मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय? म्हणजे दुःख तिचे, आणि प्रश्न स्वतःविषयीचा! मी कुठे कमी पडलो? हन्नेने त्यावर काय उत्तर दिले ते शास्त्रात नाही. माझ्या मते तिने दिलेच नाही.

पुढे शिलोच्या मंदिरात ती प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराच्या खांबापाशी आसनावर बसलेला एली याजक तिच्या तोंडाकडे पाहतो आणि ठरवून टाकतो की ही बाई प्यालेली आहे. सारे आयुष्य देवाच्या घरात घालवलेल्या मनुष्याला दुःख आणि दारू यांतला फरक ओळखता आला नाही. एलीला नावे ठेवण्याचा मला मात्र अधिकार नाही. ते का, ते सांगतो.

२०१८ सालच्या पावसाळ्यात मी सीमाभागातील एका शहरात पाळक होतो. (पुढील हकिकत त्या दोघांच्या परवानगीने लिहीत आहे.) मंडळीतील एक भगिनी आमच्या घरी आल्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात माझ्या पत्नीजवळ बसून तांदूळ निवडू लागल्या आणि निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, “चार महिने झाले, हे बाहेरच्या खोलीत झोपतात.” आपल्या घरांत ही तक्रार इतक्याच शब्दांत होते. नवराबायकोच्या शरीरसंबंधाविषयी बोलायला आपल्यापाशी एक तर शिव्या आहेत किंवा मौन आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय सरळ मराठीत मांडला. त्यांचा देवावर विश्वास नव्हता आणि त्यांची पुष्कळ मते मला मान्य नाहीत. पण त्यांनी जे बोलायचे धाडस केले त्याच्या शतांशही आमच्या व्यासपीठांवरून झाले नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी त्या बंधूंना बोलावून घेतले. समोर बसवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पिता का?” ते नाही म्हणाले. मग विचारले, “बाहेर कुठे काही आहे का?” यावर ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले आणि रडू लागले. ते रडणे मी पश्चात्ताप समजलो! डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, वाचायला पापकबुलीचे एक स्तोत्र दिले आणि घरी पाठवले. एलीने आपली चूक त्याच घटकेला सुधारली. मला पाच महिने लागले.

त्या पाच महिन्यांत काय घडले ते मला मागाहून कळले. हे बंधू बावीस वर्षे एका फाउंड्रीत कामाला होते. त्यांना कामावरून कमी केले होते. पहाटे तीनला जाग येई ती येईच. खाण्यात चव नाही, गाण्यात नाही, मुलीच्या बोलण्यात नाही, आणि पत्नीविषयीची इच्छाही तशीच विझून गेलेली. त्यांना वाटले, आपले पुरुषत्व गेले. हे कोणाला सांगावे? पाळकाने तर आधीच चोर ठरवलेले. महिन्यातल्या ठरावीक तारखांना एका लॉजवर बसणाऱ्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे ते गेले. त्याने हजारो रुपये घेऊन पुड्या दिल्या आणि धातू गेल्याची भीती घातली. ही भीती आपल्या देशात इतकी जुनी आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिला वैद्यकशास्त्रात ‘धात सिंड्रोम’ असे नावच दिले. तरुण संघातील मुलांसाठी येथेच स्पष्ट लिहितो : झोपेत वीर्य जाणे हा रोग नाही, त्याने शक्ती जात नाही, आणि भिंतीवरच्या जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर जाण्याची काही गरज नाही.

इकडे त्या भगिनी आरशात पाहीनाशा झाल्या होत्या. आपण थोराड दिसू लागलो, म्हणून हे दूर गेले, अशी त्यांची समजूत. हा एलकानाचाच प्रश्न, फक्त विचारणारी बायको! ज्यांच्या घरी कोणाला नैराश्याने ग्रासले आहे त्यांनी हे नीट ऐकावे. पलीकडचा माणूस तुम्हांला नाकारीत नसतो. त्याच्या आतला दिवाच मंद झालेला असतो, आणि त्या अंधारात त्याला तुम्हीच काय, तो स्वतःही दिसत नाही.

मंडळीतील एका निवृत्त नर्सबाईंनी हे पाहिले. उपासनेनंतर त्यांनी त्या बंधूंना बाजूला घेऊन विचारले, “भाऊ, झोप लागते का तुम्हांला?” एवढाच प्रश्न. मी विचारायला हवा होता, तो. त्यांच्याच सांगण्यावरून ते मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले, कारण मधुमेह, थायरॉइडचे दोष आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही इच्छा व शक्ती कमी होते. साखर वाढलेली निघाली. आणि नैराश्य तर होतेच.

दोन महिन्यांत झोप परतली, जेवण सुधारले. परंतु शय्येचा प्रश्न उरलाच. नैराश्यावरील काही गोळ्या मन सावरतात, पण कामेच्छा मंद करतात, ही माहिती असलेली गोष्ट आहे. बंधूंना ती माहीत नव्हती आणि विचारायची लाज वाटली. त्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. महिन्याभरात पुन्हा अंधार, आणि एका रात्री ते रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. त्यानंतर मात्र पत्नी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनीच, मान खाली घालून का होईना, सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाले, हे आधीच सांगायचे होते, औषध बदलता येते. बदलले. म्हणून सांगतो, गोळी अचानक थांबवू नका. डॉक्टरांसमोर तोंड उघडा.

काहीजण म्हणतील, विश्वास ठेवणाऱ्याला गोळी कशाला? साखरेची गोळी घेऊन प्रभुभोजनाला येणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांना हा प्रश्न आपण विचारीत नाही.

तिसऱ्या एका गोष्टीत मी चुकलो, तीही लिहितो. अशा प्रसंगी १ करिंथ ७:३-५ काढून मी पूर्वी पुष्कळ बायकांना कर्तव्य शिकवले आहे. आता तो उतारा पुन्हा वाचतो तेव्हा दिसते की पौल नवऱ्याला जे सांगतो तेच बायकोलाही सांगतो. तिच्या शरीरावर जसा त्याचा, तसा त्याच्या शरीरावर तिचा अधिकार. दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने. जेथे एकमेकांची संमती हा पायाच आहे, तेथे आजारी, थकलेल्या, बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या किंवा मनाने खचलेल्या जोडीदारावर जबरदस्तीला हे वचन आधार कसे देईल? बाळंतपणानंतर काही स्त्रियांना खरे नैराश्य येते. त्याला ‘नखरे’ म्हणणाऱ्या सासवांनी व नवऱ्यांनी येथे थोडे थांबावे.

अशी घरे थोडी नाहीत. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि बहुतेक आजारांत उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सत्तरच्या वर होते. आपल्या मंदिरात रविवारी शंभर प्रौढ बसत असतील तर गणित ज्याने त्याने करावे. उपचार फार लांबही नाहीत. बेळगावकरांना धारवाडची संस्था आहे, गोव्यात बांबोळीला आहे, हैदराबादेत एर्रागड्ड्याला, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा आहे, बडोद्यात कारेलीबागेत सरकारी रुग्णालय आहे. ज्याला दार ओलांडवत नाही त्याच्यासाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फुकट दूरध्वनी आहे. जीव नकोसा झाल्याचे घरात कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत गाठा.

आता पुन्हा हन्नेकडे. तिने एलीला नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की मी प्यालेली नाही, माझे मन दुःखी आहे. एलीने ऐकले. आपला शब्द मागे घेतला आणि तिला शांतीने पाठवले. मग शास्त्र काय सांगते, त्याचा क्रम पाहा. ती जेवली. तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. सकाळी दोघांनी मिळून उपासना केली, दोघे रामा येथे घरी गेले, आणि मग पतिपत्नी एकत्र आली. त्यासाठी मूळ इब्रीत जे क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘जाणणे’ असा आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदाम व हव्वेविषयीही तेच आहे. दुप्पट वाटा देणाऱ्या एलकानाने इतकी वर्षे तिला जाणले होते काय, हा विचार मला हल्ली पुष्कळदा पडतो.

विवाहापूर्वी जोडपी भेटायला येतात तेव्हा आता मी विधीबद्दल नंतर बोलतो. आधी दोघांना झोप, राग, भीती, पूर्वीचा एखादा आजार यांविषयी विचारतो. प्रथम हसतात. मग एखादा मुलगा सगळे गेल्यावर दारात रेंगाळतो.

त्या भगिनी गेल्या नाताळात आमच्याकडे आल्या होत्या. करंज्या भरायला माझ्या पत्नीपाशी बसल्या. बाहेरच्या खोलीचे काय, असे माझ्या पत्नीने हळूच विचारले. त्या म्हणाल्या, “तिथे आता मुलीचा अभ्यास असतो.”