सरासरीचा न्याय

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास सरासरी या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. रस्त्याच्या अलीकडे पाऊस कोसळतो आणि पलीकडच्या शिवारात ढेकूळही भिजत नाही. नोंद मात्र साऱ्या महसूल मंडळाची म्हणून एकच धरली जाते. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली, की ज्याचे सोयाबीन शेंगा न धरताच वाळले त्याचे दुःख कागदावरून पुसले जाते. सरासरी खोटी नसते. पण ती कोणाच्याही रानात नांदत नाही. न्यायाचे माप म्हणून ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न आम्हांस येथून पाच हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या उत्तर ध्रुवप्रदेशाच्या निमित्ताने विचारावासा वाटतो.

पृथ्वी तापत आहे असे आपण म्हणतो, तेव्हाही सरासरीच बोलत असतो. २०१५ च्या पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा सरासरीची आहे. २०२४ साली, एका वर्षापुरती का होईना, ती ओलांडली गेली. परंतु उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ पासून साऱ्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. हे अगदीच अनपेक्षित होते असेही नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच कर्बवायूच्या वाढीचे गणित मांडले होते आणि तापमानवाढ विषुववृत्तापेक्षा ध्रुवांकडील प्रदेशांत अधिक होईल, असे त्यातून दिसले होते.

असे का व्हावे? वैशाखात आमच्या काळ्या रानातून अनवाणी चालणाऱ्यास याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. काळी माती ऊन पिते, पांढरा कापूस ते परतवतो. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक परत पाठवते. उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतो. बर्फ वितळले की समुद्र उघडा पडतो, तो तापतो, आणि आणखी बर्फ वितळते. उन्हाळ्यात साठवलेली ही उष्णता समुद्र शरदात व हिवाळ्यात हवेला देतो. म्हणून तेथील हिवाळेच सर्वाधिक बदलले आहेत.

उरलेले उत्तर हवेत आहे. पौषातल्या पहाटे चुलीचा धूर वर न चढता गावावर आडवा पसरतो, कारण जमिनीलगतची हवा थंड व जड असते. ध्रुवप्रदेशात ही स्थिती दीर्घकाळ टिकते आणि वाढीव उष्णता तळाशीच कोंडून राहते. उष्ण कटिबंधात दमट हवा उंच चढून उष्णता वर नेते व तेथून ती अवकाशात निसटते. शिवाय वारे आणि सागरी प्रवाह दक्षिणेकडची उष्णता सतत उत्तरेस वाहून नेतात. दक्षिण ध्रुवाची गती मात्र आजवर पुष्कळ मंद राहिली. तेथील हिमस्तर उंच आहे आणि भोवतालच्या महासागरात खोलातले थंड पाणी वर येऊन उष्णता पोटात घेते. म्हणजे 'ध्रुव' म्हणून दोघांची सरासरी काढली, तर तीही फसवीच.

गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ २००८ पासून स्वालबार्ड द्वीपसमूहातील 'हिमाद्री' या भारतीय केंद्रातून याचा अभ्यास करीत आहेत. कारा समुद्रातील घटते बर्फ आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यात संबंध असणे शक्य आहे, असे त्यांच्यापैकी काहींनी २०२१ मध्ये मांडले. शक्यता म्हणजे सिद्धता नव्हे. आमच्या जिल्ह्यातील एखाद्या पुराचा दोष उचलून ध्रुवावर टाकता येणार नाही.

पण कर्तव्य जागे होण्यासाठी परक्याचे दुःख फिरून आपल्या दारी यावेच लागते काय? दाखल्यातील शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाचे दुखणे आपल्या गावापर्यंत पोहोचेल की नाही, याचा हिशेब केला नव्हता. गोठलेला समुद्र हाच ज्यांचा रस्ता आणि हेच ज्यांचे शिकारीचे रान, त्या इन्युइट लोकांनी जगाच्या धुरात फारच थोडी भर घातली. त्यांच्या पायाखालचे बर्फ मात्र आधी पातळ झाले.

आणि येथे सरासरी आम्हांलाही आडोसा देते. भारताचा दरडोई कर्बवायू जगाच्या सरासरीहून पुष्कळ कमी आहे, आणि श्रीमंत राष्ट्रांसमोर हे सांगणे न्याय्यच आहे. परंतु ही दरडोई संख्या कमी राहते ती कोणामुळे? गंगाखेडच्या बाजूने ऊसतोडीस जाऊन कोपीत राहणाऱ्या मजुरामुळे, ज्याच्या घरी पंखाही असतो वा नसतो त्याच्यामुळे. त्याच्या उणिवेच्या सावलीत आमच्या शहरांतील वातानुकूलित बंगले आणि आमच्या सणसमारंभांतील उधळपट्टी निर्धास्त बसते. गरिबाच्या उपासावर आपले पुण्य वाढवून घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

सरासरी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यावाचून विज्ञान चालत नाही आणि शासनही चालत नाही. परंतु विवेकाचे काम सरासरी काढून संपत नाही, तेथून सुरू होते. आकडा हाती आला की दोन प्रश्न विचारावेत: यात सर्वांत जास्त सोसणारा कोण, आणि त्याच्या आड लपलेला कोण? पहिल्याचे उत्तर कधी ध्रुवावर सापडेल, कधी शेजारच्या शिवारात. दुसऱ्याचे शोधावयास मात्र आम्हांस फार दूर जावे लागणार नाही.