तीन नंबरचा प्लग

आमची गाडी मिसिंग मारायला लागली तेव्हा आमच्या सोसायटीत किती मेकॅनिक राहतात हे मला प्रथम कळलं. एरवी जिन्यात भेटले तर नुसती मान हलवणारे लोक बॉनेटभोवती गोळा झाले. एकानं पेट्रोलमध्ये कचरा सांगितला, दुसऱ्यानं कार्बोरेटर. तिसरे गृहस्थ आयुर्विम्याचे एजंट होते. त्यांनी गाडीचं वय विचारलं आणि ते नुसतेच हळहळले.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, 1089 सी.सी.ची, चार सिलिंडरांची. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आमच्या घरी सुतक नव्हतं एवढंच; सौ.नं त्या दिवशी गोड मात्र केलं नाही. वडिलांची म्हणून मी ती विकत नाही, आणि माझी म्हणून कोणी ती विकत घेत नाही, असा आमचा तिढा आहे.

मिसिंग म्हणजे काय, हे ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. चार सिलिंडर आपापल्या पाळीनं पेटतात : एक, तीन, चार, दोन. हा क्रम ठरलेला. त्यातला एक पाळी चुकवायला लागला की गाडी उभ्या जागी हिवताप आल्यासारखी थडथडते, चढावर दम सोडते आणि मधूनच सायलेन्सरमधून फट्‌ करून आपली नाराजी चारचौघांत सांगते. सिग्नलला उभं राहिलं की शेजारचा स्कूटरवाला आपल्याकडे पाहतो. त्याच्या नजरेत दया असते, आणि ती फार लागते.

मी दोन ठिकाणी गाडी दाखवली. दोन्हीकडे प्लग काढले आणि तीन नंबरचा प्लग काळा आणि ओला निघाला. बाकीचे तिघे कसे विटकरी रंगाचे, कोरडे, नाकासमोर चालणारे! हा एकटा पेट्रोलमध्ये भिजून तोंड काळं करून बसलेला. ‘हाच बघा साहेब!’ दोन्ही मेकॅनिक एकाच सुरात म्हणाले. प्लग बदलला. गाडी चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा थडथड. पुन्हा प्लग काढला, पुन्हा तो काळा आणि ओला. असे तीन प्लग मी बळी दिले. तिसऱ्याच्या वेळी तर मला त्या जागेचा गुणच वाईट आहे असं वाटू लागलं होतं, आणि तसं वाटण्यात मी सत्याच्या बराच जवळ होतो, पण ते पुढे कळलं.

शेवटी नाना पेठेतल्या एका बोळातल्या म्हाताऱ्या उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी प्लग काढलाच नाही. इंजिन चालू ठेवलं, लाकडी मुठीचा चिमटा घेतला आणि एकेका प्लगची वायर क्षणभर उपसून ते ऐकत राहिले. एक नंबरची काढली तर इंजिन मटकन बसलं. दोनची काढली, तेच. चारची काढली, तेच. तीनची काढली तर इंजिनाला पत्ताच नाही! जसं थडथडत होतं तसंच थडथडत राहिलं.

‘ज्याला काढल्यानं काही फरक पडत नाही, तो काम करत नाही,’ उस्ताद म्हणाले.

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. तरी मला घाम फुटला. गेल्या मे महिन्यात मी दहा दिवस रजेवर होतो. परत आलो तेव्हा ‘तुम्ही रजेवर होता का?’ असं दोघांनी विचारलं होतं.

पण उस्ताद तिथे थांबले नाहीत. त्यांनी तीन नंबरचा प्लग दोनमध्ये बसवला आणि दोनचा तीनमध्ये. पुन्हा वायरी उपसल्या. आता तो बदनाम प्लग दोन नंबरच्या घरात बसून खडखडीत काम करत होता, आणि दोनचा सुसंस्कृत प्लग तीनच्या घरात जाऊन बिघडला होता. ‘प्लग बेकसूर,’ उस्तादांनी निकाल दिला. ‘पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे चौघांचे सामाईक. ते बिघडले असते तर चौघांनीही रडायला हवं.’

आमच्या खालच्या मजल्यावर संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते खूश होऊन म्हणाले, ‘अहो, हा अन्वय-व्यतिरेक! हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. नैयायिक दुसरं काय सांगतात?’ आम्ही बी. कॉम.वाले. आम्हाला डेबिट तिथे क्रेडिट एवढाच अन्वय ठाऊक. पण उस्तादांनी प्लगांची अदलाबदल केली तेव्हा माझ्या पोटात जे कालवलं ते न्यायशास्त्रामुळे नव्हे, तर आमच्या कॅशियरबुवांमुळे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅशियरबुवांची कॅश पंधरा दिवसांत दोनदा शॉर्ट आली. एकदा पाचशे, एकदा हजार. त्यांनी पैसे खिशातून भरले. पण शाखेत कुजबुज सुरू झाली. बुवांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, सोसायटीचं कर्ज होतं, शिवाय अलीकडे ते गप्पगप्प असत. म्हणजे ओले आणि काळे, दोन्ही. मीही कुजबुजलो. खोटं कशाला सांगू, ‘माणूस वाईट नाही हो, पण परिस्थिती...’ हे वाक्य माझंच. ते मी इतक्या सहानुभूतीनं म्हटलं की शाखेत त्याला चांगलीच किंमत आली.

बुवांना काउंटरवरून उठवून आवक-जावकला बसवलं, आणि त्यांच्या जागी मला. चौथ्या दिवशी माझी कॅश पाचशेनं शॉर्ट आली.

आता गंमत बघा. माझ्याही डोक्यावर कर्ज होतं. पण कोणी कुजबुजलं नाही. मॅनेजरसाहेब स्वतः उठून आले आणि म्हणाले, ‘ते नोटा मोजायचं मशीन जरा बघा हो.’ मशीनचं रबर झिजलं होतं. मधूनच ते दोन नोटा एकदम ओढून एकच मोजायचं, आणि शंभराच्या जागी एकशेएक नोटा गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या. पुढच्या दोन दिवसांत रबर बदललं. माझे पाचशे गेले ते गेले, पण माझा चेहरा जसाच्या तसा विटकरी आणि कोरडा राहिला. बुवांचं मात्र रबर कोणी बदललं नाही. ते आवक-जावकलाच राहिले आणि पुढे बदली मागून साताऱ्याला गेले. त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं, त्यामुळे माफी मागायलाही कोणाला जागा नव्हती, अशी मी माझी समजूत घातली होती.

उस्तादांनी गॅरेजचं शटर निम्मं ओढलं आणि दिवा घालवला. अंधारात इंजिन थडथडत होतं. ‘बघा,’ ते म्हणाले. तीन नंबरच्या वायरीवर, मध्यावर, एक निळी ठिणगी टिचटिच करत इंजिनाच्या लोखंडावर उडत होती. वायर तडकली होती. वीज प्लगपर्यंत पोचतच नव्हती. ठिणगी नाही म्हणून पेट्रोल जळायचं नाही, आणि न जळलेल्या पेट्रोलनं बिचारा प्लग भिजायचा. मग आम्ही त्याला त्याच ओलेपणावरून पकडायचो. वायरीचे पैसे प्लगपेक्षा कमीच झाले.

पुढच्या रविवारी गाडी साताऱ्याला नेली. खंबाटकीचा चढ तिनं दम न सोडता चढला. बुवा आता निवृत्त झालेत. दारात तुळशीला पाणी घालत होते. चहा झाला, मुलीचं झालं, नातवाचं झालं. मी मुद्द्यावर येईना, तेव्हा त्यांनीच गाडीचं विचारलं. मी उस्तादांची सगळी हकीकत सांगितली; प्लग, अदलाबदल, अंधारातली ठिणगी. मशीनच्या रबरापर्यंत आलो आणि म्हटलं, ‘बुवा, तेव्हा ते परिस्थितीचं वाक्य माझं होतं.’

‘ठाऊक आहे,’ बुवा म्हणाले. ‘दुसऱ्या कोणाला ते इतकं छान बोलता आलं नसतं.’

मग बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, ‘मला काउंटरवरून काढलं तेव्हा आवाजात काही फरक पडला होता का रे?’

मी उठून बॉनेट उघडायला गेलो. गाडी तशी व्यवस्थित होती.