समुद्रतळाची दफनभूमी



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतात्म्यांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. त्यानिमित्ताने फिलिपिन्स देशातील एका दफनभूमीकडे पाहू या. ती आज समुद्राच्या तळाशी आहे.

कामिगिन हे ज्वालामुखींनी घडवलेले छोटेसे बेट. १८७१ साली तेथील कातारमान गावाजवळ जमीन फुटली आणि नवा ज्वालामुखी उसळला. १८७५ पर्यंत तो धुमसत राहिला. गाव उद्ध्वस्त झाले, दगडी चर्चच्या भिंती तेवढ्या उरल्या आणि दफनभूमी खचून समुद्रात गेली. वाचलेल्यांनी दुसरीकडे गाव वसवले. पण आईबापांच्या कबरी पाण्याखाली राहिल्या.

आता तेथे स्कुबा डायव्हिंग करणारे लोक पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरतात. थडग्यांवर प्रवाळ वाढले आहे, भोवती मासे फिरतात. कुठली कबर कोणाची, हे सांगता येत नाही. १९८२ साली त्या जागी पाण्यात एक भव्य क्रूस उभारण्यात आला. सर्वांसाठी एकच क्रूस!

आपल्यातही काही कुटुंबांना कबर उरलेली नाही. कोणाचा बाप मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. कुठे जागेअभावी जुनी कबर पुन्हा उघडली गेली. मग "आईसाठी मेणबत्ती कुठे लावू?" म्हणून लेकीचे डोळे भरून येतात. ताई, दगडावरचे नाव पुसले गेले, तरी बाप्तिस्म्यात तुझ्या आईला आपली म्हणणारा प्रभू तिला विसरलेला नाही. समुद्रालासुद्धा आपले मृत परत द्यावे लागतील, असे संत योहानाला दर्शन झाले (प्रकटी. २०:१३).

डायव्हिंग करणाऱ्यांचा एक नियम आहे. एकट्याने उतरायचे नाही. जोडीदाराची हवा संपली, तर आपल्या टाकीतली त्याला द्यायची आणि दोघांनी मिळून सावकाश वर यायचे. शुद्धिस्थळातील आत्मे स्वतःसाठी पुण्य मिळवू शकत नाहीत. आपली मिस्सा, रोझरी व दानधर्म त्यांच्या उपयोगी पडतात. आपण त्यांचे जोडीदार आहोत.

म्हणून दफनभूमीत जाल, तेव्हा घरच्यांच्या कबरीवर प्रार्थना झाली की मोठ्या क्रूसापाशीही क्षणभर थांबा. ज्यांना कबर नाही, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी तेथे एक मेणबत्ती लावा.

प्रभू त्यांना आपल्या प्रकाशात घेवो. आमेन.